साथीचा माग कोण काढणार?

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

साथ ही निसर्गाची लहर असते आणि तिचा बंदोबस्त हे डॉक्टरांचे काम असते, असे मानण्याची रीत समाजात फार जुनी आहे. या रीतीची सोय अशी की, तिच्यामुळे कोणालाच जाब द्यावा लागत नाही. रोग आला तो दैवाने, गेला तो औषधाने, आणि मधल्या काळात जी माणसे दगावली ती आपापल्या नशिबाने. वस्तुस्थिती वेगळी आहे. जंतू निसर्गाचा असतो हे खरे. पण तो कोणत्या वस्तीत आधी शिरतो, किती दिवस कोणाच्या ध्यानात न येता पसरतो, आणि ध्यानात आल्यावर त्या वस्तीत प्रथम औषध पोहोचते की प्रथम पोलीस पोहोचतात, हे सारे माणसांनी उभारलेल्या व्यवस्थेवर ठरते. म्हणून साथीचा माग काढणे हा जितका वैद्यकाचा तितकाच राज्यकारभाराचा आणि लोकशाहीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास नाशिक जिल्ह्याइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. महाराष्ट्रातील बहुतेक साऱ्या विषमता या जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांत एकत्र नांदतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर होती आणि तीत सुमारे चौथा हिस्सा आदिवासींचा होता. एका बाजूला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांतील पाडे. दुसऱ्या बाजूला दिंडोरी-निफाडची द्राक्षबागायत. शहरात सातपूर-अंबडच्या कारखान्यांभोवतीच्या कामगारवस्त्या. उत्तरेला मालेगावचे यंत्रमाग. आणि बारा वर्षांनी गोदावरीच्या काठी लोटणारा सिंहस्थाचा जनसमुदाय. रोगाला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. मजूर जेथे जातो तेथे रोग जातो आणि यात्रेकरू जेथे परततो तेथे तो परततो.

माग काढणे म्हणजे नेमके काय, हे प्रथम स्पष्ट झाले पाहिजे. नोव्हेंबर २००४ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक रोगसर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. त्याची मूळ रचना अगदी साधी होती. तीन प्रकारचे तक्ते ठरविण्यात आले. गावपातळीवरील आरोग्यसेविकेने केवळ लक्षणांवरून भरावयाचा तो संशयित रुग्णांचा तक्ता. डॉक्टरने तपासून भरावयाचा तो संभाव्य रुग्णांचा. आणि प्रयोगशाळेने भरावयाचा तो निश्चित रुग्णांचा. हे तक्ते दर आठवड्याला जिल्ह्याकडे जात. २०२१ पासून हे काम संगणकावरील एकात्मिक आरोग्य माहिती मंचाकडे वळले. पण मूळ तत्त्व बदललेले नाही. एखाद्या पाड्यावर पावसाळ्यात आठवड्याला जुलाबाचे दोन-तीन रुग्ण निघत असतील आणि एका आठवड्यात एकदम दहा निघाले, तर विहिरीत काहीतरी बिघडले आहे हे कळण्यासाठी मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. गरज आहे ती मागच्या आठवड्यात किती होते हे ज्याला ठाऊक आहे अशा माणसाची. तो माणूस त्या पाड्यावर नेमाने जात असला पाहिजे, लोकांनी त्याला घरात घेतले पाहिजे, आणि त्याने लिहिलेल्या आकड्यावर वरच्या कचेरीने दोन दिवसांत हालचाल केली पाहिजे. या तीन गोष्टींपैकी एक जरी तुटली तरी पुढची सारी यंत्रणा, तिच्यातील संगणक आणि प्रयोगशाळा यांसह, आंधळी ठरते.

यातील दुसरी गोष्ट, म्हणजे लोकांनी घरात घेणे, ही सर्वांत दुर्लक्षित आहे. तिचे मोल जाणून घ्यायचे तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला जवळजवळ सर्व अधिकार दिले. रुग्णाप्रति सरकारचे कर्तव्य काय, याविषयी मात्र एक अक्षरही त्यात नव्हते. पुण्यात रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सोजिरांकरवी घरोघर झडत्या सुरू केल्या. देवघरे आणि माजघरे तुडवली गेली, सामान रस्त्यावर जाळले गेले, स्त्रियांच्या अब्रूचा प्रश्न उभा राहिला. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण त्या प्रकरणात आरोग्यशास्त्राचा जो धडा आहे तो फारसा शिकविला जात नाही. झडतीच्या भयाने लोकांनी रोगी लपविले, मृत्यू लपविले आणि रातोरात गावे सोडली. लपलेला रोगी हा साथीचा सर्वांत मोठा मित्र होय. रोग शोधण्यासाठी जी यंत्रणा उभारली, तिनेच रोगाला लपण्याची जागा दिली. पळणाऱ्या माणसांबरोबर प्लेग खेडोपाडी गेला. नाशिकजवळच्या भगूर गावी १८९९ च्या प्लेगात दामोदरपंत सावरकर वारले आणि पोरकी झालेली मुले नाशिकला आली, ही हकीकत महाराष्ट्राला परिचित आहे. अशी हजारो घरे ज्यांची नावे इतिहासात आली नाहीत, ती त्याच साथीत उजाड झाली.

मुंबईत मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्याच्या मोमीन विणकरांच्या वस्तीत प्लेगची तुकडी एका आजारी मुलीला नेण्यास गेली आणि त्यातून दंगल पेटली. गोळीबार झाला, माणसे मेली. सरकारी कागदांनी त्या विणकरांना अडाणी ठरविले. पण ज्या इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत येत नाही, तेथे आपली लेक देण्यास बाप तयार होत नसेल, तर ते अडाणीपण म्हणावे की अनुभव?

आणि याच काळात, याच पुण्याजवळ, रोगी शोधण्याची दुसरी एक रीतही चालू होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर माळावर प्लेगग्रस्तांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, कायद्याचा अधिकार नव्हता. तरीही त्यांना दार उघडे होते, कारण ज्या वस्तीत त्या गेल्या तिला त्यांचा पन्नास वर्षांचा अनुभव होता. रँडची रीत आणि सावित्रीबाईंची रीत, या दोन रीती त्या एका महिन्यात शेजारी शेजारी उभ्या होत्या. त्यानंतरच्या प्रत्येक साथीत राज्यकर्त्यांपुढे हीच निवड आली आहे.

स्वातंत्र्यानंतरचा अनुभव मिश्र आहे. हिवतापाचे उदाहरण घ्यावे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरसाल साडेसात कोटी माणसांना हिवताप होत असे आणि आठ लाख मरत, असा त्या काळचा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याला निर्मूलनाचे रूप आले. डीडीटी फवारणीबरोबरच ठरावीक दिवसांनी प्रत्येक घरी जाऊन ताप विचारणारा, बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेणारा कर्मचारी गावोगाव फिरू लागला. घराच्या भिंतीवर त्याच्या भेटीची तारीख लिहिलेली असे. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास आली. यश मिळाले असे वाटताच लक्ष ढळले, पैसा आटला, दक्षता सैल झाली. डासांनाही डीडीटीची सवय झाली. १९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. एका रोगाची गाठ जवळजवळ सोडवून पुन्हा तीच गाठ घट्ट बसू देण्याचे याहून बोलके उदाहरण नाही.

देवीचा अनुभव याच्या उलट. १९७३ च्या हिवाळ्यापूर्वी घरोघर शोधाची मोहीम सुरू झाली. रुग्ण सापडला की त्याच्याभोवतीच्या साऱ्या घरांना लस द्यायची आणि त्याच्या घरावर लक्ष ठेवायचे, ही तिची पद्धत होती. रुग्णाची खबर देणाऱ्यास बक्षीस होते आणि रुग्ण जसे कमी होत गेले तसे ते वाढवीत अखेर हजार रुपयांवर नेण्यात आले. मे १९७५ मध्ये देशातील शेवटचा रुग्ण आढळला. या मोहिमेतही काही ठिकाणी बळजोरी झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु तिचे बळ होते ते लाखावर कर्मचाऱ्यांच्या पायपिटीत आणि बाजारात, शाळेत, तमाशाच्या फडातही चित्र दाखवून ‘असा रोगी पाहिला का’ असे विचारण्याच्या चिकाटीत. कोणतेही यंत्र त्या मोहिमेत नव्हते. टोकाला दोन काटे असलेली एक सुई, रोग्याचे एक चित्र आणि चालणारी माणसे, एवढेच तिचे भांडवल होते.

आता नाशिक जिल्ह्याकडे यावे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कोरोनासाठी हत्यार उपसले ते १८९७ चेच. त्या कायद्याच्या जोडीला टाळेबंदी आली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मालेगावात पहिले रुग्ण सापडले आणि पाहता पाहता हे शहर राज्यातील मोठे संसर्गकेंद्र म्हणून गाजू लागले. २०११ च्या जनगणनेनुसार पावणेपाच लाखांवर वस्तीचे, लाखाहून अधिक यंत्रमागांचे हे गाव. मोसम नदीच्या पूर्वेकडील दाट मोहल्ल्यांत एका खोलीत आठ-दहा माणसे राहतात. पाळीत काम करणारा मजूर पाळीनेच झोपतो. अशा ठिकाणी ‘अंतर ठेवा’ हा सल्ला म्हणजे गरिबाची क्रूर थट्टा होती. यंत्रमाग थांबले तसा रोजगार थांबला आणि चूलही थांबली. खाजगी दवाखाने बंद झाले. त्यामुळे हृदयविकार, मधुमेह, दमा, बाळंतपण यांसाठीही दार उरले नाही. त्या एप्रिलमध्ये शहरातील दफनांची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याहून कितीतरी पटीने वाढली. त्यातील बहुतेक मृत्यू कोरोनाच्या यादीत कधी आलेच नाहीत. त्यांना विषाणूने मारले, की विषाणूच्या भीतीने बंद झालेल्या दवाखान्यांनी, याचा हिशेब कोणत्याही तक्त्यात नाही.

आणि घरोघर पाहणीस जाणाऱ्या आशांना, शिक्षकांना दारे बंद आढळू लागली. आदल्याच हिवाळ्यात नागरिकत्वाच्या नोंदवहीवरून देशभर भय पसरले होते. कागद-पेन घेऊन दारात आलेला माणूस ताप विचारतो आहे की नागरिकत्वाचा पुरावा, याची शंका एका समाजाला यावी, हे त्या समाजाचे अपयश म्हणता येणार नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीचे मदनपुऱ्याचे विणकर आणि मालेगावचे मोमीन विणकर हे एकाच उत्तरेकडून आलेल्या, एकाच धंद्यातल्या लोकांचे वंशज. मागांच्या गावात रोगाचा माग काढताना सरकारने या जुन्या आठवणीची दखल घ्यावयास हवी होती. त्याऐवजी प्रथम पाठविली गेली ती राज्य राखीव पोलीस दलाची कुमक. त्या जवानांचीही दैना झाली. दाटीवाटीने राहून त्यांना लागण झाली आणि येथून परतलेल्या जवानांमध्ये हिंगोली, जालना अशा दूरच्या ठिकाणी रुग्ण निघाले. साथ रोखण्यास पाठविलेली कुमकच साथ वाहून नेती झाली, आणि त्यात दोष त्या गरीब शिपायाचा काडीइतकाही नव्हता.

चित्र पालटले ते मे महिन्यापासून. स्थानिक डॉक्टरांना विनवून, काहींना बजावून दवाखाने उघडण्यात आले. मशिदींतून आवाहने झाली. मोहल्ल्यातीलच डॉक्टर, हकीम, मौलाना, नगरसेवक पाहणीत सामील झाले. आजाऱ्याला दूर नेण्याऐवजी गावातच, ओळखीच्या माणसांत ठेवण्याची सोय झाली. जूनपर्यंत जोर ओसरला. यामागे एखाद्या काढ्याचा चमत्कार होता काय, संसर्ग आधीच सर्वत्र पसरून गेला होता काय, यावर पुष्कळ चर्चा झाली आणि ती चालू राहो. परंतु एवढे निर्विवाद आहे की, मोहल्ल्याचा माणूस पाहणीत आला तेव्हाच मोहल्ल्याचा आजारी माणूस पुढे आला.

माग लागला म्हणजे रुग्ण वाचला असेही नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि बावीस रुग्ण गुदमरून गेले. ही सारी माणसे यंत्रणेला सापडलेली होती, नोंदलेली होती, खाटेवर होती. शोधण्याची व्यवस्था आणि सांभाळण्याची व्यवस्था या दोन चाकांपैकी एकच चाक फिरले तर गाडी जागच्या जागी गिरक्या घेते.

कोरोना सरला असे सारे म्हणू लागले, तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये गोवर आला. मुंबईत गोवंडी, ठाणे जिल्ह्यात भिवंडी आणि नाशिक जिल्ह्यात पुन्हा मालेगाव. तिन्ही ठिकाणी वस्त्या दाट, श्रमिक आणि बहुतांशी मुसलमान, हा योगायोग नव्हे. टाळेबंदीच्या दोन वर्षांत नियमित लसीकरण मागे पडले होते. ज्या बालकांची लस चुकली त्यांची नावे गोवराने शोधून काढली. ती खरे तर आरोग्य खात्याच्या वहीत आधीच असावयास हवी होती.

मित्रहो, ही वही कोणाच्या हाती असते? २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ‘आशा’ ही योजना आली. हजार वस्तीमागे एक आशा. ती त्याच गावची सून किंवा लेक. ताप कोणाला आला, कोणाच्या घरी पोर जन्मले, कोणी क्षयाची गोळी मध्येच सोडली, हे तिला ठाऊक असते. रोगसर्वेक्षणाच्या साऱ्या इमारतीचा पाया तिच्या पायांवर उभा आहे. आणि शासनाच्या दप्तरी ती आहे ‘स्वयंसेविका’! तिला वेतन नाही, कामावर आधारित मोबदला आहे. तोही अनेकदा महिनोन्‌महिने थकतो. २०१३ मध्ये पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजना-कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली. ही परिषद सरकार, मालक आणि कामगार संघटना या तिघांची असते. म्हणजे ही केवळ लाल बावट्याची मागणी नव्हती. कोरोनाच्या काळात मुखपट्टी आणि हातमोज्यांसाठीही झगडावे लागलेल्या या स्त्रिया जून २०२१ मध्ये महाराष्ट्रात संपावर गेल्या आणि लढूनच त्यांनी काही वाढ पदरात पाडली. २०२३ आणि २०२४ मध्ये त्यांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला, तेव्हा दिल्लीत टाळ्या वाजल्या. टाळ्यांनी महिन्याचे धान्य येत नाही.

हा केवळ वेतनाचा प्रश्न आहे, असे कोणी समजू नये. जी बाई आकडा लिहिते तिला नोकरीची शाश्वती नसेल, तर ती अप्रिय आकडा लिहिण्यास कचरते. वरून दम येतो की, तुझ्याच गावात डेंग्यू कसा निघाला? मग डेंग्यू निघत नाही, नुसता ‘ताप’ निघतो. खरे लिहिणाऱ्याला संरक्षण नसेल तर खोटे आकडे वर चढतात आणि त्या आकड्यांवर मंत्री निर्धास्त झोपतात. पाड्यावरील बाईची नोकरी पक्की असणे हा म्हणूनच संपूर्ण जिल्ह्याच्या सुरक्षिततेचा विषय आहे.

साखळीतील दुसरा दुबळा दुवा म्हणजे खाजगी वैद्यक. शहरात आजारी पडलेला बहुसंख्य माणूस प्रथम जातो तो गल्लीतल्या दवाखान्यात. तेथील नोंद सरकारी तक्त्यात आली नाही, तर साथ अर्धी दिसते आणि अर्धी अंधारात राहते. मे २०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रुग्ण कळविणे खाजगी डॉक्टरांवरही बंधनकारक झाले. त्यानंतरच क्षयाचे खरे ओझे किती, याचा अंदाज सुधारू लागला. एप्रिल २०१८ पासून क्षयरुग्णास आहारासाठी दरमहा पाचशे रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. रक्कम अपुरी आहे, ती वेळेवर मिळत नाही, पण तत्त्व अचूक आहे: नोंद करणाऱ्याला नोंदीतून काही मिळाले पाहिजे. नुसती नोंद ही पाळत ठरते. मदतीसह केलेली नोंद ही सेवा होते.

खाजगी डॉक्टरांनी वेळीच तोंड उघडले तर काय होते, हे जानेवारी २०२५ मध्ये पुण्याने पाहिले. हातापायांतील बळ जाणाऱ्या गियाँ-बारे या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढल्याचे रुग्णालयांनी कळविले. पत्ते नकाशावर मांडले तेव्हा ते सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी अशा नव्याने महापालिकेत आलेल्या भागांत दाटलेले दिसले. ही गावे महापालिकेने हद्दीत घेतली, इमारतींना परवानग्या मिळाल्या. शुद्ध केलेले पाणी मात्र पुरते पोहोचले नव्हते. रोग मज्जातंतूंचा होता, पण त्याचा माग अखेर विहिरीवर आणि नळावर येऊन थांबला. लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी पटकीच्या मृत्यूंची घरे मोजत ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापर्यंत माग नेला, त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. शास्त्र पुष्कळ पुढे गेले. गरिबाचा नळ मात्र तेथेच राहिला.

तिसरा दुवा स्थलांतराचा. सुरगाणा-पेठचे आदिवासी कुटुंब भात काढल्यावर द्राक्षबागांत, वीटभट्टीवर, नाशिकच्या बांधकामांवर जाते. गावच्या आशाच्या वहीत ते ‘गैरहजर’ असते आणि जेथे राहते तेथील वहीत त्याचे नावच नसते. पोराची लस, गरोदर बाईची तपासणी, क्षयाची सहा महिन्यांची गोळी, सारे या दोन वह्यांच्या मध्ये हरवते. द्राक्षाची पेटी बागेतून युरोपच्या बाजारात पोहोचेपर्यंत तिच्या फवारणीचा आणि मूळ शेताचा माग ठेवण्याची व्यवस्था या जिल्ह्याने उत्तम उभारली आहे. परदेशी गिऱ्हाईकाला ते हवे असते. ज्या हातांनी तो घड कापला त्या हातांचा माग ठेवणे मात्र अवघड ठरते!

बळाचा वापर कधीच करू नये काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. तो रास्त आहे. संसर्गजन्य रोगात एकाच्या मोकळीकीची किंमत शेजारी जिवाने मोजतो, हे नाकारणे बेजबाबदारपणाचे होईल. विलगीकरण लागते, कधी बाजार बंद करावा लागतो. पण ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याला चौदा दिवस घरात बसण्याचा हुकूम द्यायचा, तर चौदा दिवसांचे धान्य आणि बुडालेली मजुरी त्या हुकमाबरोबरच दारात आली पाहिजे. केरळमध्ये मे २०१८ मध्ये कोळिकोड भागात निपा हा अत्यंत घातक रोग आला. सतरा माणसे गेली, त्यांत रुग्णसेवा करणारी एक परिचारिकाही होती. दोन हजारांवर संपर्कातील माणसांची यादी झाली, त्यांची रोज विचारपूस झाली, विलग राहिलेल्या घरांना धान्य पोहोचले आणि साथ काही आठवड्यांत आटोक्यात आली. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पंचायत आधीपासून जिवंत होती, म्हणूनच हे घडले. साथ आल्यावर यंत्रणा उभी करता येत नाही. ती उभी असावी लागते.

यंत्रांविषयीही हेच. २०१५ च्या सिंहस्थात तात्पुरत्या दवाखान्यांतील रुग्णांच्या नोंदी टॅब्लेटवर घेऊन रोजच्या रोज पाहण्याचा प्रयोग नाशिकमध्ये झाला. तो स्तुत्य होता. नाशिकचा सिंहस्थ प्रयागच्या कुंभासारखा हिवाळ्यात येत नाही. त्याच्या मुख्य पर्वण्या श्रावण-भाद्रपदात, भर पावसाळ्यात पडतात. जुलाब, कावीळ, विषमज्वर, डेंग्यू यांचा हाच हंगाम. १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभातून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी उत्तर हिंदुस्थानभर पसरली होती. ऑक्टोबर २०२६ अखेर ध्वजारोहण आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य स्नाने, असे पुढील सिंहस्थाचे वेळापत्रक जाहीर झालेले आहे. त्यासाठी रस्ते, पूल, घाट यांवर कोट्यवधींचे आराखडे होतात. पण मेळा उठल्यावर तंबूतला दवाखानाही उठतो. रामकुंडापासून दोन कोसांवरच्या झोपडपट्टीत मात्र तेच पाणी, तोच नाला आणि तीच एकटी आशा उरते. पर्वणीसाठी जी दक्षता शक्य होते ती बाराही वर्षे, बाराही महिने का शक्य होऊ नये?

या साऱ्याचे तात्पर्य काही ठोस मागण्यांत मांडता येते आणि संघटनांनी त्या नेटाने लावून धरल्या पाहिजेत. आशा आणि आरोग्यसेविका यांना कायम कर्मचारी म्हणून मान्यता व वेतन मिळाले पाहिजे. आरोग्यसेवकांची रिक्त पदे, विशेषतः आदिवासी तालुक्यांतील, प्रथम भरली पाहिजेत. प्रत्येक प्रभागाचे आणि गावाचे रोगांचे साप्ताहिक आकडे, रुग्णाचे नाव न देता, ग्रामसभेत आणि प्रभागाच्या फलकावर लागले पाहिजेत. लोकांकडून घेतलेली माहिती लोकांना परत मिळाली तरच तिच्यावर विश्वास बसेल. रोगाच्या पाहणीत गोळा केलेली माहिती पोलीस किंवा नागरिकत्वाच्या कोणत्याही कामी वापरली जाणार नाही, याची कायद्याने हमी हवी. खाजगी दवाखान्यांची नोंद सक्तीची आणि सोपी असावी. विलगीकरणाच्या हुकमाबरोबर धान्य व मजुरी हा रुग्णाचा हक्क ठरावा. आणि १८९७ च्या कायद्याच्या जागी असा कायदा यावा, ज्यात सरकारच्या अधिकारांच्या शेजारी सरकारची कर्तव्येही लिहिलेली असतील. २०२० मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि आरोग्यकर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षा आल्या, हे योग्यच झाले. परंतु रुग्णाच्या बाजूने त्यात तेव्हाही काही आले नाही.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करण्याचे वचन दिले होते. ते साल उलटले. वचन कागदावर राहिले. असे वचन आपोआप पाळले जात नाही. ते पाळून घेण्यासाठी मालेगावचा यंत्रमाग कामगार, सुरगाण्याचा शेतमजूर, अंबडचा कंत्राटी कामगार आणि त्यांच्या दारात ताप विचारीत जाणारी आशा यांना एका मागणीखाली एकत्र यावे लागेल. त्यांचे हितसंबंध एकच आहेत, कारण त्यांचे पाणी, त्यांची हवा आणि त्यांचा रोग एकच आहे. पुढची साथ कोणत्या नावाने येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती आली तेव्हा पाड्यावरच्या वहीत पहिली नोंद वेळेवर झाली की नाही, एवढ्यावरच पुष्कळशा जिवांचा निवाडा होणार आहे. आणि ती वही धरणाऱ्या हाताला बळ देण्याचे काम साथ येण्यापूर्वीचे आहे.